कर्तव्य कायद्यात, पेन्शन जीआरमध्ये : महाराष्ट्रातल्या पोलिसाच्या निवृत्तीचा इतिहास

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. निवृत्तिवेतन, उपदान, शासन निर्णय हे शब्द ऐकले की माणसाला ट्रेझरीतली रांग आठवते. पण हा विषय मांजरीत बोलायला आम्हाला विशेष आवडेल, आणि त्याला कारण आहे. इथून पश्चिमेला हडपसरच्या अंगाला रामटेकडीवर राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक १ आणि २ आहेत. मांजरी बुद्रुक स्टेशनातून जाणारी गाडी पूर्वेला दौंडला पोचते, तिथे गट क्रमांक ५ आणि ७. म्हणजे आपण अशा पट्ट्यात राहतो जिथे गणवेशातला माणूस रोजचा आहे. २०२१ मध्ये शेजारचं लोणी काळभोर पोलीस ठाणं ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयात आलं आणि त्याच वर्षी मांजरी बुद्रुक महापालिकेत गेली. आपल्यावरचा अंमल बदलला, पाट्या बदलल्या. पण त्या ठाण्यात उभा असलेला शिपाई म्हातारपणी काय खाणार, हे कुठे लिहून ठेवलंय, असं कोणी विचारलं तर पटकन उत्तर येत नाही.

आम्ही ते शोधायला निघालो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तीच आज सांगायची आहे. पोलिसाने काय करायचं, काय करायचं नाही, हे विधिमंडळाने मंजूर केलेल्या कायद्यात लिहिलेलं आहे. त्या बदल्यात त्याला शेवटी काय मिळणार, हे मात्र नियमांत आणि जीआरमध्ये आहे. कायदा बदलायला सभागृह लागतं, चर्चा लागते. जीआर बदलायला मंत्रालयातली एक सही पुरते. महाराष्ट्रातल्या पोलिसाच्या निवृत्तीची कहाणी या फरकातून उलगडते.

थोडं मागे जाऊ. आपल्याकडे राखणदारीचा मोबदला पूर्वी पगार नव्हता, वतन होतं. पाटील, जागल्या, रामोशी यांना गावाकडून धान्य, इनाम जमीन, मानपान मिळे. आजच्या भाषेत बोलायचं तर वतन ही माणूस टिकवून धरण्याची व्यवस्था होती, आणि फार पक्की. माणूस म्हातारा झाला तर मुलगा उभा राही आणि घराचं उत्पन्न चालू राही. वतनदाराला निवृत्ती नव्हती, त्यामुळे पेन्शनचा प्रश्नही नव्हता. तोटाही उघड होता. काम जातीला आणि घराण्याला बांधलेलं, माणूस लायक असो नसो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. पुरंदर भागातल्या रामोशांकडे किल्ल्यांची आणि गावांची राखण होती. कंपनी सरकारने ती काढून घेतली आणि तिच्याबरोबर पोटाचं साधनही गेलं. उमाजी नाईकांच्या बंडाला जी कारणं होती, त्यांतलं हे एक मोठं कारण. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. या बंडाकडे आपण स्वातंत्र्याच्या इतिहासातून बघतो, ते बरोबरच आहे. पण त्यात राज्यकारभाराचाही एक धडा आहे. राखणदाराशी केलेला करार राज्याने एकतर्फी मोडला, तर त्याचे परिणाम राज्यालाच भोगावे लागतात.

त्यानंतर पगारी पोलीस आले. १८६० च्या पोलीस आयोगानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्याने आपला वेगळा मार्ग धरला: १८६७ मध्ये जिल्हा पोलिसांसाठी एक आणि गावपोलिसांसाठी दुसरा कायदा, आणि पुढे १८९० चा मुंबई जिल्हा पोलीस कायदा. १८६१ च्या कायद्यात एक कलम आहे ते बघा. परवानगी घेतल्याशिवाय किंवा दोन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय पोलिसाने नोकरी सोडायची नाही. साध्या नोकराला असं कलम कोणी लावत नाही. सरकारला माणसं टिकण्याची काळजी होती, हे त्यातून दिसतं. आणि काळजी वाटावी अशीच स्थिती होती. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. त्याने शिपायाचा पगार महिना किमान ८ रुपये तरी असावा अशी शिफारस केली. किमान ८ ची शिफारस करावी लागली, यावरून आधी काय मिळत होतं याचा अंदाज करा.

इथे जरा इंग्लंडकडे बघू. १८९० याच वर्षी तिथल्या पार्लमेंटने कायदा करून पोलीस शिपायाला २५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनचा हक्क दिला. तोवर तिथेही पेन्शन वरिष्ठांच्या मर्जीवर असे. त्याच वर्षी मुंबईच्या कायद्याने मात्र शिस्त, अधिकार आणि शिक्षा यांची मांडणी केली. तिकडे शिपायाचं म्हातारपण कायद्यात गेलं, इकडे ते कायद्याच्या बाहेर राहिलं. शिवाय आपल्याकडे १८७१ चा पेन्शन कायदा होताच. पेन्शनीबद्दल दिवाणी कोर्टात सहजासहजी दावा लावता येऊ नये, अशी त्याची रचना होती. म्हणजे पेन्शन हा सरकारचा उपकार. मिळालं तर हात जोडावेत, नाही मिळालं तर भांडायला जागा नाही.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९५१ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम आला. आज तोच महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी राज्य राखीव पोलीस दलाचाही कायदा झाला. १९५१ च्या अधिनियमातलं कलम २८ प्रत्येक पोलिसाच्या घरच्यांना आशय म्हणून पाठ असतं, क्रमांक माहीत नसेल एवढंच. पोलीस हा सदैव कामावर आहे असं मानलं जाईल आणि राज्यात कुठेही त्याला पाठवता येईल. दिवाळी, गणपती, पोराचं लग्न, सगळं या कलमाखाली. परवानगीशिवाय राजीनामा देता येणार नाही, हीही तरतूद त्यातच. आणि कलम ३१ म्हणतं की सरकारी घरात राहणाऱ्या पोलिसाने, पोलीस म्हणून असणं संपलं की, घर रिकामं करायचं. याच्या जोडीला १९२२ चा पोलिसांमध्ये अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा होताच. १९६६ मध्ये संसदेने पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा केला. मान्यतेशिवाय संघटना नाही.

आता या सगळ्याची बेरीज करा. सदैव कामावर, सोडून जाता येत नाही, संघटना करता येत नाही, शेवटी घर सोडायचं. हे सगळं कायद्यात. असं बांधून घ्यायला आमचा सरसकट विरोध नाही. हातात बंदूक आणि अटकेचा अधिकार असलेल्या माणसावर बंधनं हवीतच. पण बंधनांना मोबदला असतो, आणि पोलिसाच्या बाबतीत त्या मोबदल्याचा सर्वांत मोठा भाग म्हणजे पेन्शन.

ते कुठे आहे? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०९ नुसार राज्यपालांना सेवाशर्तींचे नियम करता येतात. त्यातून आले महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. हे नियम फक्त पोलिसांचे नाहीत. कारकून, शिक्षणाधिकारी, तहसीलदार, सगळ्यांना तेच. पोलीस म्हणून वेगळा पेन्शन कायदा महाराष्ट्रात नाही. यातलं गणित साधं आहे. समजा कोणी अखेरच्या ६०,००० रुपये मूळ वेतनावर पेन्शनीत निघाला, तर पूर्ण सेवेला निम्मे, म्हणजे ३०,००० रुपये पेन्शन आणि वर महागाई भत्ता. त्यातला ४० टक्के भाग विकता येतो, ज्याला अंशराशीकरण म्हणतात. १२,००० चा हिस्सा गेला, एकरकमी पैसे आले, त्यातून मुलीचं लग्न किंवा घराचा हप्ता फिटला, आणि १५ वर्षांनी तो हिस्सा परत सुरू. शिवाय उपदान. शिवाय माघारी पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की पुढचं वर्ष निश्चिंत.

एक काटा मात्र आहे. निवृत्तीच्या दिवशी विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरतं पेन्शन मिळतं आणि उपदान अडकतं. पोलिसांत चौकशा इतर खात्यांपेक्षा सहज लागतात. कोठडीतून कोणी पळालं, तपासात कागद राहिला, बंदोबस्तात गैरहजरी लागली, की चौकशी. काही ठिकाणी ती रास्तच असते. पण रास्त चौकशीसुद्धा वर्षानुवर्षं रेंगाळली की शिक्षा ठरण्याआधीच भोगून होते.

१९८२ हे वर्ष लक्षात ठेवा. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. पहिली, हे नियम. दुसरी ऑगस्टमधली. मुंबईत पोलीस शिपायांचा असंतोष काही वर्षं साठत होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ मध्ये आपला पहिलाच अहवाल शिपायांच्या पगार, घर, कामाचे तास आणि तक्रारींवर दिला होता, यावरून दुखणं देशभरचं होतं हे कळतं. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलीस रस्त्यावर आले. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, सीमा सुरक्षा दल आणि लष्कर बोलवावं लागलं, शहरात जाळपोळ झाली, आणि अनेक शिपाई बडतर्फ झाले. बडतर्फी म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. त्याच्याबरोबर मागची सगळी सेवाही पेन्शनीच्या हिशेबातून पुसली जाते. पेन्शन माणसाला धरून कसं ठेवतं, त्याची ही उलटी बाजू. ज्याची २२ वर्षं झालीत तो तोंड उघडण्याआधी दहादा विचार करतो.

तिसरी गोष्ट १७ डिसेंबर १९८२ ची, दिल्लीतली. डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने दिला. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. केंद्राने पेन्शनचं सुधारित सूत्र आणलं होतं, पण ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच. आदल्या दिवशी निवृत्त झालेला जुन्या सूत्रात, दुसऱ्या दिवशीचा नव्या. न्यायालयाने ती तारखेची भिंत पाडली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात न्यायालयाने पेन्शन हा सरकारचा उपकार नसून मालमत्तेसारखा हक्क आहे असं म्हटलंच होतं. नाकारा निकालाने ते भक्कम केलं: केलेल्या कामाचाच हा मागे ठेवलेला मोबदला आहे. म्हणून देशभर पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस पाळतात. १८७१ च्या उपकारापासून १९८२ च्या हक्कापर्यंत पोचायला १११ वर्षं लागली.

आणि मग २३ वर्षांत दुसरी तारीख आली. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने ठरलं की १ नोव्हेंबर २००५ पासून जो राज्य सेवेत येईल त्याला जुनं पेन्शन नाही. त्याच्या पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने तेवढेच घालायचे, पुढे सरकारचा वाटा १४ टक्के झाला. पैसे बाजारात गुंतवायचे, निवृत्तीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, उरलेल्याची वार्षिकी. किती मिळेल? बाजार सांगेल. नाकारा खटल्यात तारखेने निवृत्तांमध्ये भेद केला होता, म्हणून ती पडली. इथे तारखेने नव्याने भरती होणाऱ्यांमध्ये भेद केला. कायद्याच्या दृष्टीने ही वेगळी गोष्ट आहे, कारण येणाऱ्याला अटी माहीत असतात. पण एका ठाण्यात एकाच पहाऱ्यावर उभ्या असलेल्या दोघांना हे समजावून सांगा. दोघांनाही कलम २८ लागू. दोघांनाही कलम ३१ लागू. एकाला निम्मा पगार निश्चित, दुसऱ्याला नाही.

सरकारची बाजूही नीट मांडली पाहिजे. माणसं जास्त जगतात, ही चांगली गोष्ट आहे. पण ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला २५ वर्षं पेन्शन घेणार, मागे पत्नी घेणार, आणि तो पैसा आजच्या करातून जाणार. वेतन, पेन्शन आणि कर्जाचं व्याज भागल्यावर रस्ते, पाणी, शाळा यांना काय उरतं, हा प्रश्न खोटा नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. करार बदलायचा होता तर त्याच्या दोन्ही बाजू पटलावर घ्यायला हव्या होत्या. २००५ मध्ये राज्याने आपल्या देण्याची बाजू बदलली. पोलिसाच्या देण्याची बाजू, म्हणजे १९५१ ची बंधनं, जशीच्या तशी राहिली.

मार्च २०२३ मध्ये हे उघड्यावर दिसलं. १४ मार्चपासून राज्यातले लाखो कर्मचारी, शिक्षक, परिचारिका जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. २० मार्चला संप मागे घेतला गेला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्या दिवसांत गल्लोगल्ली होती. मोर्चाच्या कडेला बंदोबस्ताला जो शिपाई उभा होता, तो २००५ नंतर भरती झाला असेल तर ती मागणी त्याचीही होती. त्याला घोषणा देता येत नव्हती. त्या संपातून जे मिळालं ते मात्र त्यालाही मिळालं. ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने नव्या योजनेतल्यांच्या वारसांनाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू-उपदान लागू झालं. याआधीचा काळ आठवून बघा. कोरोनात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांच्या वारसांना ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य जाहीर करावं लागलं, ते योग्यच होतं. पण सानुग्रह या शब्दातच अनुग्रह आहे, म्हणजे पुन्हा कृपा. पुढे २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. त्याच वर्षी अखेरच्या वेतनाच्या निम्म्याइतकं पेन्शन देऊ करणारी सुधारित योजनाही आली. सुधारणा झाली, यात शंका नाही. पण १८ वर्षांत एवढी वळणं, आणि यातलं एकही विधेयक म्हणून सभागृहात मंजूर झालेलं नाही. जे जीआरने आलं ते जीआरने जाऊ शकतं.

आता टिकून राहण्याचा प्रश्न. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पोलीस नोकरी सोडून जातात ही मोठी अडचण आहे. तिथल्या काही ठिकाणी निवृत्तीला पात्र झालेल्याने आणखी काही वर्षं थांबावं म्हणून त्याचं पेन्शन बाजूच्या खात्यात जमा करत जातात. आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. मग टिकवायचं कोणाला? आमच्या मते, अनुभवाला. शिपाई ५८ व्या वर्षी जातो, आयपीएस अधिकारी ६० व्या. गल्ली ओळखणारा, पंचनामा बिनचूक लिहिणारा, दोन गटांना चहा पाजून भांडण मिटवणारा हवालदार ठाण्यातून गेला की त्याची जागा भरते, माहिती भरत नाही.

राज्याने काही केलंच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १०-२०-३० वर्षांच्या टप्प्यांची आश्वासित प्रगती योजना आहे. नक्षलग्रस्त भागात दीडपट वेतन आहे. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद काढून बढतीची शिडी छोटी केली, आणि ३० वर्षं सेवा व सहायक उपनिरीक्षक पदावर ३ वर्षं झालेल्यांना श्रेणी उपनिरीक्षक करण्याची वाट उघडली. शिपाई म्हणून लागलेला माणूस खांद्यावर स्टार लावून पेन्शनीत निघावा, हा त्यामागचा हेतू. घरच्यांना विचारा त्या स्टारची किंमत. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग एका शिपायाच्याच आराखड्यावर सुरू झाला. ५८ पर्यंत धडधाकट पोचणं हीसुद्धा निवृत्तीचीच तरतूद आहे.

पण दुसरीकडे वेगळाच प्रवाह आहे. २०१० मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा केला. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी या महामंडळाकडून ३,००० जवान कंत्राटावर घेण्याचं ठरलं. काम पोलिसाच्या जोडीचं, पेन्शन नाही. आणि गावात बघा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस कायद्यातला पोलीस पाटील आजही मानधनावर आहे. मानधन २०२४ मध्ये १५,००० केलं, पण साठीला पद गेलं की हात रिकामे. वतन गेलं, पेन्शन आलं नाही, असा हा मधला माणूस.

२००६ च्या आसपास विशीत भरती झालेल्या शिपायांची मोठी तुकडी २०४० नंतर निवृत्त होईल. तेव्हा कलम ३१ प्रमाणे ते वसाहतीतलं घर सोडतील आणि मांजरी, फुरसुंगी, लोणी अशा ठिकाणी जागा बघायला येतील. जागेचे तेव्हाचे भाव काय असतील ते तुम्हीच सांगा. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. आम्हाला एवढंच सुचवायचं आहे: पोलिसाची बंधनं जर कायद्यात आहेत, तर त्याच्या निवृत्तीचा किमान हक्कही त्याच महाराष्ट्र पोलीस अधिनियमात एका कलमाने लिहावा. रक्कम किती, याच्यावर सभागृहात भांडण होऊ द्या. तिजोरीची बाजू येऊ द्या, शिपायाची येऊ द्या. ज्याला स्वतः बोलायला बंदी आहे, त्याच्या वतीने बोलण्याची जागा सभागृहच आहे. आणि सभागृहात कोण बसतं ते आपण ठरवतो.

प्रश्न असतील तर विचारा. पीपीओचे कागद घेऊन आलेली काही मंडळी मागे बसलेली दिसताहेत, आधी त्यांचं ऐकू.